सड्यावरचा वणवा लवकर कळावा म्हणून: एका हंगामाच्या नोंदी

राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या डोक्यावर सडा, म्हणजे कातळाचं पठार आहे. वर कातळ आणि गवत, कडेने काजू आणि हापूसची कलमं, उतारावर किंजळ-ऐनाची खाजगी रानं, त्याखाली वाड्या. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत दिवाळीनंतर वाळतं आणि माघ-फाल्गुनात कुठून तरी वणवा येतोच. कधी बिडीचं थोटूक, कधी हाताबाहेर गेलेली भाजावळ (पेरणीआधी शेत भाजणं), कधी शिकारीसाठी मुद्दाम लावलेली आग, कधी विजेच्या तारांची ठिणगी. दहा-बारा वर्षं पाणी घालून वाढवलेली काजूची बाग एका दुपारी काळी होते. ज्याने वाढवली तो त्या दिवशी राजापूरच्या बाजाराला गेलेला असतो.

वणवा लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात गावाला कळलं पाहिजे आणि योग्य माणसं योग्य वाटेने वर पोचली पाहिजेत, एवढ्यासाठी हा खटाटोप. आपल्या गावात असंच काही उभं करू पाहणाऱ्यांसाठी लिहून ठेवतोय.

20 ऑक्टोबर 2024

गवत अजून हिरवं आहे, म्हणून कागदावरचं काम आधी. नासाची फर्म्स ही सेवा सॅटेलाइटला दिसलेल्या आगींचे बिंदू फुकट देते. मोडिस आणि व्हीआयआयआरएस ही सॅटेलाइटवरची आग टिपणारी दोन उपकरणं. मोडिसचा एक बिंदू म्हणजे साधारण 1 किलोमीटरचा चौकोन, व्हीआयआयआरएसचा 375 मीटरचा. व्हीआयआयआरएसचा जुना साठा 2012 पासूनचा मिळतो. आमच्या सड्याचा चौकोन टाकून सगळे बिंदू उतरवून घेतले आणि बागायतदारांना आठवत असलेल्या वणव्यांशी ताडून पाहिले.

बरेच वणवे त्यात सापडलेच नाहीत. कारण वेळा मांडल्यावर कळलं. व्हीआयआयआरएस असलेले तीन सॅटेलाइट (सुओमी एनपीपी, नोआ-20, नोआ-21) आपल्यावरून दुपारी साधारण एक ते पावणेतीन आणि रात्री त्याच वेळांना जातात. आमचा सडा पेटतो दुपारी तीननंतर, खारा वारा जोरात सुटला की. गवत भुरुभुरु जळून संध्याकाळी सगळं विझलेलं असतं. रात्री दीड वाजता वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही.

तरी ते सोडलेलं नाही. शेजारच्या गावातून येणारे, रात्रभर रानात धुमसणारे वणवे त्यात दिसतात. फक्त त्याच्या भरवशावर राहता येणार नाही, हे पक्कं झालं.

उतरवताना दोन गोष्टी सांभाळा. वेळ ग्रिनिचची असते, त्यात साडेपाच तास मिळवा. सुरुवातीचं शून्य गळलेलं असतं, म्हणजे 812 असं दिसलं तर ते 08:12, आपले 13:42. आणि रात्रीच्या फेरीची तारीख आदल्या दिवसाची दिसते, कारण आपल्याकडे 1:40 वाजलेले असतात तेव्हा तिकडे आदल्या दिवसाचे 20:10 असतात. आमचा पहिला तक्ता यामुळेच एकेक दिवस सरकला होता.

देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडेही नाव नोंदवलं, त्यांचा इशारा एसएमएसने येतो. तो वनक्षेत्रातल्या बिंदूंसाठी असतो. आमचा सडा मालकीचा, त्यामुळे मुख्य गरज त्यातून भागत नाही.

3 नोव्हेंबर 2024

दिवाळीला मुंबईकर गावी आलेत, म्हातारी माणसंही निवांत आहेत. ओट्यावर मोठा कागद पसरून सड्याचा नकाशा काढला. या सबंध कामातला सगळ्यात उपयोगी दिवस हाच होता, असं आताच लिहून ठेवतो.

सॅटेलाइट किंवा कॅमेरा अक्षांश-रेखांश देतो. त्याचा धावत सुटणाऱ्या माणसाला काही उपयोग नाही. त्याला "पालखीच्या कातळाच्या वरच्या अंगाला" असं सांगावं लागतं. म्हणून सडा आणि उतार मिळून लहान-लहान तुकडे पाडले आणि प्रत्येकाला लोकांच्या तोंडी असलेलंच नाव दिलं. प्रत्येक तुकड्यापुढे चार गोष्टी लिहिल्या: वर जायची पायवाट कुठल्या वाडीतून, पिकअप कुठपर्यंत जाते, मार्चमध्ये पाणी कुठे असतं, आणि बागेत राहणाऱ्या माणसाचा फोन.

एका तुकड्याला वरच्यावाडीत एक नाव आणि गुरववाडीत दुसरंच नाव निघालं. त्यावरून बरीच हुज्जत झाली. दोन्ही ठेवली. निरोप वाडीनुसार वेगळा जातो, त्यात काही कठीण नाही.

मग हे क्यूजीआयएस या नकाशाच्या प्रोग्राममध्ये उतरवलं. बिंदू आला की तो कुठल्या तुकड्यात पडतो हे प्रोग्राम शोधतो. सॅटेलाइटच्या बिंदूसाठी शेजारचे तुकडेही घ्यावे लागतात. तो बिंदू चौकोनाचा मध्य असतो, आग त्यात कुठेही असू शकते.

17 नोव्हेंबर 2024

विधानसभेच्या निवडणुकीमुळे पोलीस पाटील आणि ग्रामपंचायतीची माणसं गुंतलेली. तेवढ्यात ग्रासकटर भाड्याने घेऊन सड्याच्या वाटेच्या दोन्ही अंगांनी जाळरेषेचं (आग अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याचं) गवत काढायला सुरुवात केली. सकाळी दव असताना कापलेलं जाळून टाकायचं, नऊच्या आत. यंत्रांवरच्या कुठल्याही एका खर्चापेक्षा या मजुरीला जास्त पैसे लागले आणि ते योग्यच आहे. जाळरेषा नसेल तर वणवा लवकर कळूनही तो अडवायचा कुठे?

8 डिसेंबर 2024

धुराचे सेन्सर खांबांवर लावून बघितले आणि सोडून दिले. यात पैसे आणि दीड महिना गेला, म्हणून सविस्तर.

एमक्यू-2 हा सेन्सर स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. त्यात गरम राहणारी तार असते. ती सतत दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास खाते. एका 18650 लिथियम सेलवर हा प्रकार दिवसभरही धड चालत नाही. मोठं पॅनेल लावलं तर प्रत्येक खांबाचा खर्च तिप्पट. मधूनमधून चालू करावा तर तापून स्थिर व्हायला वेळ घेतो आणि थंड असताना दिलेले आकडे भलतेच असतात.

दुसरं, दमट खाऱ्या हवेत त्याचा आकडा रोज सरकतो. पहाटे दव पडलं की इशारा, ऊन आलं की शांत.

तिसरं कारण मुळावरचं. धूर सेन्सरपर्यंत यावा लागतो. दुपारी वारा समुद्राकडून येतो, धूर पूर्वेला जातो. आम्ही खांब लावले होते पश्चिमेच्या कडेला, कारण तिथे वाट आहे. चाचणीला पालापाचोळा पेटवला तेव्हा पन्नास मीटरवरच्या सेन्सरला पत्ता नव्हता आणि पलीकडच्या बागेतला राखणदार मात्र धावत आला.

डब्यांमध्ये ओंबीलांनी (तांबड्या मुंग्यांनी) घरं केली होती, तीही काढावी लागली. पुढच्या सगळ्या डब्यांना वायरच्या भोकात सिलिकॉन भरलं.

29 डिसेंबर 2024

मोबाइलची रेंज सड्यावर बरी असते, पण लाइट गेली की काही वेळाने तीही जाते. आणि वणवा व लाइट जाणं या दोन गोष्टी बऱ्याचदा बरोबरच येतात. म्हणून निरोप सड्यावरून वाडीपर्यंत लोराने, म्हणजे थोड्या विजेवर लांब पोचणाऱ्या रेडिओने न्यायचं ठरलं. आपल्याकडे 865 ते 867 मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरता येतो. ईएसपी32 ही प्रोसेसरची आणि एसएक्स1262 ही लोराची चिप एकत्र असलेले तयार बोर्ड घेतले, त्यावर मेशटॅस्टिक हा निरोप पाठवणारा प्रोग्राम टाकला आणि प्रदेश भारत निवडला.

पहिल्या दिवशी अंतर अगदीच कमी मिळालं. बोर्डांसोबत आलेले अँटेना 915 मेगाहर्ट्झचे होते. 868चे मागवल्यावर सड्याच्या या टोकाचं त्या टोकाला स्वच्छ पोचलं. मागवताना हे बघूनच मागवा. 433चा बोर्ड स्वस्त दिसतो, तोही चालणार नाही.

वाड्या मात्र कड्याच्या पोटात आहेत, तिथे सिग्नल उतरत नाही. बरोबर कडेवर, जिथून सडाही दिसतो आणि देवळाचा कळसही, तिथे एक बोर्ड पुढे ढकलायला ठेवला. खाली समाजमंदिरावर भोंगा आणि त्याला जोडलेला बोर्ड, बॅटरीसकट.

12 जानेवारी 2025

आता कॅमेरा. पाण्याच्या टाकीवर रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक आणि त्याचा कॅमेरा मॉड्यूल 3, चाळीस वॅटचं पॅनेल, 12 व्होल्टची लिथियम फॉस्फेट बॅटरी. दर मिनिटाला एक फोटो, त्यावर धूर ओळखणारं छोटं योलो मॉडेल. त्याला दुसऱ्या बाजूसाठी रास्पबेरी पायचाच लहान झिरो 2 डब्ल्यू जोडलाय, तो फक्त फोटो काढून वायफायने पाठवतो.

टाकी सड्याच्या पश्चिम कडेला आहे, त्यामुळे कॅमेरा पूर्वेकडे बघतो. हे फार बरं झालं. पश्चिमेकडे तोंड असतं तर चारनंतर सूर्य थेट भिंगात आला असता, आणि आमचे वणवे नेमके त्याच वेळचे.

आपोआप फोकस बंद करा. हवा धुरकट असली की भिंग पुढेमागे हलत राहतं आणि पाचातला एक फोटो पुसट येतो. भिंग कायमचं अनंतावर ठेवलं.

वानरांनी दुसऱ्याच दिवशी पॅनेलची वायर ओढून तोडली. आता सगळी वायर जीआय पाइपातून नेली आहे आणि पॅनेल खाली चारही बोल्टांनी आवळलंय. ते त्यावर बसतात, बसू देत. दर आठवड्याला पुसावं लागतं.

मॉडेलची खरी अडचण वेगळी. त्याला शिकवलेले फोटो परदेशातल्या जंगलांचे, जिथे धूर खांबासारखा सरळ वर जातो. आमचा गवताचा धूर पांढुरका, पातळ असतो आणि खाऱ्या वाऱ्याने जमिनीलगत आडवा पडतो. तो त्याला दिसत नाही. चिऱ्याच्या खाणीतून निघालेल्या ट्रकची लाल धूळ मात्र दिसते, आणि सकाळी अर्जुना नदीच्या खोऱ्यातून वर चढणारं धुकंही.

उपाय गावातच होता. भाजावळ सुरू होतेय. जो शेतकरी दाढ (भाताची रोपं करायची जागा) भाजणार तो आदल्या दिवशी सांगतो, कॅमेरा त्या वेळी दर दहा सेकंदांनी फोटो घेतो, आणि रात्री बसून आम्ही त्या फोटोंवर चौकोन आखतो. धुकं आणि धूळ असलेले फोटोही "धूर नाही" म्हणून घातले. कॉलेजातली दोन मुलं या कामाला बसतात. जानेवारीअखेर नवं मॉडेल तयार व्हावं.

26 जानेवारी 2025

ग्रामसभेत विषय ठेवला. भोंग्यासाठी समाजमंदिराची वीज आणि जागा मिळाली, टाकीवरच्या कॅमेऱ्याला रीतसर ठराव झाला. एका ताईंनी विचारलं, कॅमेऱ्यात घरं, अंगण, विहीर दिसते का? प्रश्न रास्त होता. तिथेच फोटो दाखवले, खालचा वाडीचा भाग प्रोग्राममध्ये काळा केला आणि तसं इतिवृत्तात लिहून घेतलं. कॅमेरा लावणाऱ्यांनी हे विचारायच्या आधीच करावं.

दुसरा निर्णय त्याहून मोठा. दुपारी गावात असतं कोण? पुरुष कामावर, पोरं कॉलेजात. घरी असतात त्या बायका. म्हणून धुराचा फोटो आधी बचत गटातल्या पाळीवर असलेल्या दोघींच्या फोनवर जाणार. त्यांनी "आहे", "नाही" किंवा "भाजावळ" दाबायचं. "आहे" आलं तरच भोंगा. पाच मिनिटांत दोघींपैकी कुणीच दाबलं नाही तर पोलीस पाटलांना फोन.

7 फेब्रुवारी 2025

नवं मॉडेल अजून चढवलं नव्हतं आणि आज दुपारी साडेतीनला खिंडीच्या बाजूने वणवा आला. आम्हाला कळलं तेव्हा धूर वाडीतून दिसत होता. वर पोचेपर्यंत काजूच्या तीन बागांच्या कडा गेल्या. त्यातली एक बाग एका विधवा काकींची, मोहोर नुकता धरला होता. सगळी झाडं मेलेली नाहीत, पण यंदा त्यावर काही लागणार नाही.

तलाठ्यांच्या पंचनाम्यासाठी जुन्या मॉडेलने न ओळखलेले पण साठवलेले फोटो काढले. पहिला धूर 3:22 च्या फोटोत स्पष्ट दिसतो, खिंडीतल्या वाटेच्या वळणावर. म्हणजे कॅमेऱ्याने पाहिलं होतं, ओळखलं नाही. त्याच रात्री जागून नवं मॉडेल चढवलं. फर्म्सवर आजच्या आगीचा एकही बिंदू नाही.

16 फेब्रुवारी 2025

काजूच्या बागांच्या गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी ओढायची कल्पना एका बागायतदारांची. कॅमेऱ्याच्या आड एक घळ येते, तिथे काहीच दिसत नाही. साखरीनाट्याहून मासेमारीची जाड तंगूस आणली, गडग्याच्या गवताकडच्या बाजूने वीतभर उंचीवर ताणली, टोकाला दारावर लावतात तसला चुंबकाचा स्विच. आग आली की तंगूस वितळते, स्विच सुटतो, लोराने निरोप जातो. वीज जवळजवळ लागतच नाही, एक सेल हंगामभर पुरेल.

पहिल्या आठवड्यात पहाटे-पहाटे इशारे. नायलॉन दव पितो आणि लांब होतो, स्प्रिंग ओढून घेते, स्विच सुटतो. स्प्रिंग काढली. आता टोकाला कप्पीवरून चिऱ्याचा तुकडा टांगलाय. तंगूस थोडी लांबली तर तो इंच-दोन इंच खाली येतो, इशारा तो पूर्ण वीतभर खाली पडला तरच. गुरं आणि रानडुकरं तोडतात, त्याला इलाज नाही. म्हणून तंगूसचा इशारा भोंग्याला न जोडता फक्त बागेच्या माणसाच्या फोनवर ठेवला.

इथे अजून एक गोष्ट कळली. बऱ्याच बागांत राखणीला नेपाळहून आलेली माणसं आहेत. आमचे सगळे निरोप मराठीत, लिहिलेले. आगीच्या सगळ्यात जवळचा माणूस तोच, आणि निरोप त्यालाच वाचता येत नव्हता. आता त्यांना हिंदीत बोललेला फोन जातो, तुकड्याचं नाव त्यांच्या सवयीच्या खुणेने सांगितलेलं: "पानी की टंकी के पीछे", "बड़े काजू के नीचे".

फोन करण्यासाठी आधी सिम800एल हे मॉड्यूल वापरलं. फोन लागताना ते क्षणभर दोन अँपिअर मागतं आणि सगळा बोर्ड परत सुरू होतो. शिवाय ते फक्त टूजीवर चालतं. एक जुना अँड्रॉइड फोन चार्जरला लावून ठेवला, ते काम तो उत्तम करतो. एसएमएसचं मात्र बघा: पॅकमध्ये दिवसाला 100 असतात, आणि एखाद्या ॲपने थोड्या वेळात बरेच पाठवले की अँड्रॉइड मध्येच परवानगी विचारत थांबतो. म्हणून एसएमएस फक्त त्या तुकड्याशी संबंध असलेल्यांनाच.

14 मार्च 2025

शिमगा. फाकपंचमीपासून वाड्यावाड्यांत होळ्या पेटताहेत आणि काल होम झाला. रात्री कॅमेरा उजेड बघून इशारे देत राहिला. पाळीवरच्या ताईंनी दाबून-दाबून कंटाळून फोन बाजूला ठेवला, आणि तसं सरळ सांगितलंही. रात्रीच्या फोटोंमध्ये होळीच्या ठरलेल्या जागा झाकल्या. पण मुद्दा मोठा आहे. खोट्या इशाऱ्याने माणूस थकला की खरा इशाराही वाया जातो. दिवसाला एक-दोनपेक्षा जास्त फोटो पाळीवाल्यांकडे जायला लागले तर बाकी सगळं थांबवून आधी तेच दुरुस्त करायचं, असं ठरवलंय.

पाळी आता आठवड्याऐवजी दोन दिवसांची.

21 मार्च 2025

आजची नोंद वेळेसकट लिहितो, कारण याच्यासाठीच सगळं केलं.

2:51 ला कॅमेऱ्याने पालखीच्या कातळामागे धूर पकडला, 2:52 ला पुन्हा. सलग दोन फोटोंत असेल तरच पुढे पाठवायचं हा नियम. 2:54 ला पाळीवरच्या काकींनी "आहे" दाबलं. भोंगा वाजला: एक लांब, दोन तोकडे, म्हणजे वरच्यावाडीचा तुकडा. बागेतल्या राखणदाराला फोन गेला, तो आधीच बाहेर आला होता. पोलीस पाटलांनी 112 ला आणि वन विभागाच्या 1926 ला कळवलं. बंब रस्त्यापर्यंतच येऊ शकतो, तरी कळवायचंच. उतारावरची घरं धोक्यात आली तर तोच लागतो.

3:15 ला पहिली सहा-सात माणसं वर. तोवर आग जाळरेषेपासून दीडशे मीटरवर होती, वारा तिच्या पाठीशी. गवतातली आग जवळून पाहिली की तिची चाल कळते. मुख्य जीभ पुढे धावते, ज्वाळा गुडघ्याएवढ्याच, पण बाजूच्या कडा मंद असतात आणि माघारी अंगाला नुसती राख धुमसत असते. समोरून कुणी जायचं नाही. दोन ब्लोअर (हवेचा झोत मारणारी यंत्रं), एकेक माणूस दोन्ही कडांना, जळालेल्या बाजूने चालत. ब्लोअरची हवा गवताच्या बुडाशी, जळत्या बाजूकडे मारायची. ती वर मारली की ठिणग्या उडून पुढे पेटतं. ब्लोअरच्या मागे किंजळीचा हिरवा टाळ (पानांच्या डहाळ्या) घेतलेले दोघे, उरलेली धग दाबत. आपटायचं नाही, दाबून घासायचं. पुढे जाळरेषेवर चौघे, उडून आलेली ठिणगी विझवायला.

एका पोराच्या अंगात नायलॉनचा टीशर्ट होता, त्याला खाली पाठवलं. तो रागावला, पण तो कपडा अंगाला चिकटतो. सुती शर्ट, लांब बाह्या, पायात बूट, हे आता भोंग्याखाली पाटीवर लिहिलंय.

3:50 ला जीभ जाळरेषेला येऊन बसली. एका जागी पलीकडे गेली, तिथे गेल्या वर्षीचं गवत कापताना राहून गेलं होतं, ती लगेच दाबली. साडेचारपर्यंत धुमसते बुंधे फोडून पाणी टाकणं चाललं. बाग वाचली. करवंदीच्या जाळ्या आणि सड्यावरचं गवत गेलं.

फर्म्सवर या आगीचा बिंदू नाही. सॅटेलाइट तिच्या आधीच निघून गेला होता.

वर पोचलेल्यांपैकी दोघे चुकीच्या वाटेने गेले, कारण भोंग्याची खूण त्यांना पाठ नव्हती. म्हणून भोंग्यानंतर आता लाउडस्पीकरवर तुकड्याचं नाव बोलूनही सांगितलं जातं, तीनदा. ते पोलीस पाटलांच्या आवाजात भरून ठेवलंय. अनोळखी यांत्रिक आवाजाने लोक आधी हा कसला आवाज म्हणून थबकत होते.

9 एप्रिल 2025

भाजावळीची वर्दी आली की तो तुकडा ठरावीक वेळ शांत ठेवायची सोय केली होती. आज त्याच वेळात भाजावळ वाऱ्याने बांधाबाहेर गेली आणि कॅमेऱ्याने धूर पाहूनही कुणाला कळवलं नाही. शेजारच्याने कुकारे घातले म्हणून लोक धावले. नुकसान थोडक्यात टळलं.

शांत ठेवणं काढून टाकलं. आता वर्दी असली तरी धूर दिसल्याबरोबर ज्याची भाजावळ त्याला फोन जातो, त्याने "ताब्यात आहे" असं एक दाबून सांगायचं. दहा मिनिटांत उत्तर नाही आलं किंवा धूर ठरलेल्या तुकड्याबाहेर दिसला तर नेहमीचा इशारा. शेतकऱ्यांना हे आवडणार नाही असं वाटलं होतं, उलट दोघा-तिघांनी विचारलं की वारा वाढतोय हेही सांगाल का? टाकीवर वाऱ्याचा वेग मोजणारा पंखा लावायचा विचार आहे. भाजावळ सकाळी मतलई वारा पडल्यावर आणि खारा वारा सुटण्याआधी उरकावी, हे जुनी माणसं सांगतातच.

26 एप्रिल 2025

एप्रिलमध्ये दोन लहान आगी, दोन्ही एकाच जागी. फोटो मोठे करून पाहिले तर पहिला धूर बरोबर विजेच्या दोन खांबांच्या मध्ये, जिथे तारा सैल होऊन खाली आल्या आहेत. वाऱ्यात त्या एकमेकींना लागतात. फोटो, वेळ आणि खांबांचे नंबर लावून तारा ओढून घेण्याचा अर्ज दिला. तोवर त्या खांबांखालचं गवत आम्हीच मुळापर्यंत कापलं. कॅमेऱ्याचा हा उपयोग सुरुवातीला डोक्यातच नव्हता: आग कुठे सुरू होते हे कळलं की पुढच्या वर्षी जाळरेषा कुठे हवी तेही कळतं.

22 मे 2025

दोन दिवस धो-धो पाऊस. इतक्या लवकर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, आंबा अजून झाडावर आहे. सड्यावरचं सामान जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवायचं होतं. कडेवरच्या लोराच्या डब्यात पाणी गेलं, बोर्ड गेला. टाकीवरचा रास्पबेरी पाय वाचला, पण कनेक्टरांवर हिरवट गंज धरलाय. मिठाची हवा चार महिन्यांत एवढं करते. पुढच्या वेळी सगळ्या बोर्डांवर आधीच लेपाचा स्प्रे मारायचा, आणि 10 मेनंतर आकाश बघून सामान उतरवायला तयार राहायचं.

8 जून 2025

मोसमी पाऊस 25 मेलाच देवगडपर्यंत आला, त्यामुळे हंगाम संपला म्हणून आवराआवर. खर्च अंदाजे असा, पुढच्यांना हिशेब लागेल म्हणून: दोन्ही कॅमेरे, रास्पबेरी पाय, पॅनेल, बॅटरी आणि पाइप मिळून 19 हजार. लोराचे बोर्ड, अँटेना, भोंगा 12 हजार. दोन ब्लोअर 19 हजार. फुकट गेलेले गॅस सेन्सर आणि त्यांचे खांब 7 हजार. तंगूस, स्विच, कप्प्या हजाराच्या आत. जाळरेषेची मजुरी आणि ग्रासकटरचं भाडं 26 हजार. पैसे बागायतदारांच्या वर्गणीतून, थोडे मुंबई मंडळाकडून.

ज्यांच्याकडे पैसे कमी आहेत त्यांनी या क्रमाने जावं असं माझं मत: आधी जाळरेषा आणि नावांचा नकाशा, मग ब्लोअर, मग भोंगा, आणि कॅमेरा शेवटी. भोंग्याला हाताने दाबायचं बटण असलं तरी वर्षभर काम भागतं.

ब्लोअरमधलं पेट्रोल काढून, कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवून ठेवलेत. पेट्रोल आत राहिलं तर नोव्हेंबरात सुरू होत नाहीत. तंगूस गुंडाळून समाजमंदिराच्या कपाटात, किल्ली बचत गटाच्या अध्यक्षांकडे. बॅटऱ्या अर्ध्या भरून माझ्या घरी, महिन्यातून एकदा बघायच्या. फोटोंवर चौकोन आखायचं काम पावसाळ्यात चालू राहील. मार्चचे पुष्कळ फोटो अजून बाकी आहेत, आणि शेजारच्या गावातल्या दोन मुलींनी शिकायला येते म्हणून सांगितलंय.